टाकीच्या कार्बन डायऑक्साइडसाठी नळी कोणती घ्यावी: खानापूरहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर

खानापूरच्या एका मित्रांनी आपल्या अॅक्वेरियमविषयी, म्हणजे मासे आणि पाणवनस्पती असलेल्या काचेच्या टाकीविषयी, जे विचारले आहे, ते थोडक्यात असे. अशा टाकीत वनस्पतींच्या वाढीसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यांच्याकडे २ किलोचा सिलिंडर, त्याचा दाब उतरवणारा रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) आणि वायूचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा, चिनी मातीच्या चकतीचा डिफ्यूझर आहे. वायू रोज आठ तास चालू असतो. सिलिंडर टाकीखालच्या कपाटात मावत नसल्यामुळे तो बाजूला ठेवला आहे आणि तिथून टाकीपर्यंत सुमारे २ मीटर लांबीची सिलिकॉनची पारदर्शक नळी गेली आहे. बेळगावच्या त्यांच्या स्नेह्यांकडे तेवढीच टाकी आणि तसाच डिफ्यूझर असून बबल काउंटरमध्ये (जाणारा वायू बुडबुड्यांनी मोजण्याच्या पाणी भरलेल्या छोट्या नळकांडीत) सेकंदाला एक बुडबुडाही पुरतो, तर यांना दोनांहून अधिक सोडावे लागतात. स्नेह्यांचा सिलिंडर वर्षभर जातो, यांचा चार-साडेचार महिन्यांत रिकामा होतो. प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून पाहिले, पण एकही बुडबुडा उठला नाही. मग वायू जातो कुठे, आणि नळी बदलायची असेल तर कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

वायू नळीच्या भिंतीतून जातो. नळीला भोक पडलेले नाही, तडा गेलेला नाही आणि जोडही बहुधा घट्ट आहेत. सिलिकॉन रबराचा गुणधर्मच असा आहे की कार्बन डायऑक्साइड त्याच्यात विरघळतो आणि दुसऱ्या बाजूने हवेत बाहेर पडतो. ही गळती नळीच्या संपूर्ण पृष्ठभागावर सारखी पसरलेली असते. कुठल्याही एका जागी ती साबणाचा फेस फुगवण्याइतकी नसते, म्हणून साबणाच्या परीक्षेत ती दिसत नाही. साबणाचे पाणी जोडांचे दोष दाखवते. नळी कोणत्या पदार्थाची आहे आणि तो वायूला किती अडवतो, हे त्याने कळत नाही.

या गळतीचा अंदाज आकड्यांत मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय तिचे गांभीर्य लक्षात येत नाही. बाजारात सर्वत्र मिळणारी सिलिकॉनची नळी आतून ४ मिलिमीटर आणि बाहेरून ६ मिलिमीटर व्यासाची असते. अशा नळीत निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल, तर एका वातावरणाच्या दाबाला एक मीटर लांबीतून मिनिटाला सुमारे २ मिलिलिटर वायू निघून जातो. येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. रेग्युलेटरच्या काट्यावर दाब शून्याजवळ दिसला, म्हणजे बाहेर ढकलणारे बल उरले नाही, असे ते मानतात. परंतु भिंतीतून वायू किती जाईल, हे आतल्या आणि बाहेरच्या एकूण दाबातल्या फरकावर ठरत नाही. ते आत कार्बन डायऑक्साइड किती आणि बाहेर किती, यावर ठरते. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण नगण्य असते. त्यामुळे काटा शून्यावर असतानाही नळीत एका वातावरणाएवढा कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो तेवढ्या जोराने बाहेर जात राहतो. काट्यावर दीड बार दिसत असेल, तर हिशेबाला अडीच धरावे लागतात.

आपल्या मित्रांच्या नळीला हा हिशेब लावून पाहू. चिनी मातीच्या चकतीतून बारीक बुडबुडे निघण्यासाठी नळीत साधारण दीड बार दाब लागतो असे धरले, तर २ मीटर सिलिकॉनमधून मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर वायू भिंतीतूनच जातो. टाकीची खरी गरज मिनिटाला ६ मिलिलिटरची आहे असे मानू. म्हणजे वनस्पतींना जेवढे मिळते त्याच्या दीडपटीहून अधिक वायू खोलीत जातो. एक किलो कार्बन डायऑक्साइडचे आपल्याकडच्या तापमानाला सुमारे ५४५ लिटर होतात, २ किलोचे १०९० लिटर. फक्त टाकीपुरता वायू लागला, तर रोज आठ तासांत जेमतेम ३ लिटर खर्च होतो आणि सिलिंडर वर्षभर पुरतो. भिंतीतून जाणारा वायू त्यात मिळवला, की रोजचा खर्च ८ लिटरच्या आसपास जातो आणि तोच सिलिंडर साडेचार महिन्यांत संपतो. स्नेह्यांच्या आणि त्यांच्या अनुभवातला फरक नेमका एवढाच आहे. आकडे ढोबळ आहेत, कारण सिलिकॉनची प्रत आणि नळीची जाडी थोडी बदलते. प्रमाण मात्र याच पातळीचे राहते.

याची खातरजमा घरीच करता येते. १० ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या वजनकाट्यावर सिलिंडर रेग्युलेटरसह ठेवून आठवड्याच्या अंतराने दोनदा वजन घ्यावे. वर सांगितलेल्या हिशेबाने फक्त टाकीचा खर्च आठवड्याला ४० ग्रॅमच्या आत असतो, तर सिलिकॉनच्या गळतीसह तो १०० ग्रॅमच्या घरात जातो. रेग्युलेटरच्या मोठ्या काट्यावरून, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्यावरून, हे कळणार नाही. सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत तो काटा जवळजवळ स्थिर राहतो. २० अंश तापमानाला तो सुमारे ५७ बार दाखवतो, मग सिलिंडर भरलेला असो वा एक-तृतीयांश. शिवाय कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. त्यामुळे अथणी-रायबागच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये दुपारी हा काटा पाहून काहीही अनुमान काढण्यात अर्थ नाही. वजन मात्र कोणत्याही ऋतूत खरे सांगते.

बुडबुड्यांच्या मोजणीविषयीही एक गोष्ट येथेच सांगायला हवी. नीडल व्हॉल्व्हच्या (वायूचा प्रवाह बारकाईने कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे बसवलेल्या बबल काउंटरमध्ये डिफ्यूझरने निर्माण केलेला दाब असतो. दीड बार दाबाखालच्या एका बुडबुड्यात, मोकळ्या दाबाखालच्या तेवढ्याच आकाराच्या बुडबुड्यापेक्षा अडीचपट वायू असतो. म्हणून 'सेकंदाला इतके बुडबुडे सोडा' हा सल्ला एका टाकीवरून उचलून दुसऱ्या टाकीला लावू नये. डिफ्यूझर वेगळा असेल, तर दोघांचे बुडबुडे सारखे नसतात. आपल्या मित्रांच्या आणि त्यांच्या स्नेह्यांच्या बाबतीत टाकी आणि डिफ्यूझर सारखे आहेत, म्हणून ती तुलना उपयोगी ठरली. बुडबुडे काउंटरमध्ये दिसतात, पण त्यांतले किती डिफ्यूझरपर्यंत पोहोचतात हे काउंटर सांगत नाही. काउंटर सिलिंडरजवळ असेल आणि त्यापुढे लांब सिलिकॉन असेल, तर काही वेळा काउंटर व्यवस्थित चालतो आणि चकतीतून मात्र तासन्‌तास एकही बुडबुडा येत नाही. येणारा वायू आणि भिंतीतून जाणारा वायू कमी दाबालाच बरोबरीत येतात आणि चकती उघडण्याएवढा दाब कधी चढतच नाही. लोक चकती बिघडली असे समजून नवी आणतात. ती बदलूनही काही उपयोग होत नाही.

आता कोणती नळी घ्यावी याकडे वळतो. माझा स्पष्ट सल्ला पॉलियुरेथेनच्या नळीचा आहे, जिला सगळीकडे पीयू नळी म्हणतात. कारखान्यांत दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांना हीच नळी वापरतात. सिलिकॉनच्या तुलनेत तिच्यातून कार्बन डायऑक्साइड पन्नास ते शंभरपटीने कमी जातो. म्हणजे वरच्या उदाहरणातील मिनिटाला १० मिलिलिटरची गळती एक-दोन दशांश मिलिलिटरवर येते आणि तिचा विचार करण्याचे कारण उरत नाही. ती लवचीक असते, सहज पिचत नाही आणि साध्या तापमानाला ८ ते १० बार दाब झेलते. अॅक्वेरियमच्या दुकानात 'कार्बन डायऑक्साइड-रोधक नळी' म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक वेळा पॉलियुरेथेनच असते. त्या नावाचे वेगळे पैसे द्यावे लागतात एवढेच.

आपल्या भागाची सोय अशी की या नळीसाठी पुण्या-मुंबईहून काही मागवावे लागत नाही. बेळगावात ओतशाळा, हायड्रॉलिक्स आणि यंत्रभागांचा उद्योग जुना आहे आणि उद्यमबागेत त्या कारखान्यांना लागणारे सामान पुरवणारी दुकाने आहेत. तिथे पीयू नळी मीटरवर कापून मिळते. दुकानदार कन्नड बोलणारा असो वा मराठी, 'सिक्स बाय फोर पीयू' एवढे सांगितले की पुरते. ६ हा बाहेरचा व्यास आणि ४ हा आतला, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बहुतेक रेग्युलेटरच्या आणि बबल काउंटरच्या चाकीदार जोडांना हेच माप बसते. तरीही जाण्यापूर्वी आपल्या जोडावरच्या टोकाचे माप घ्यावे आणि जुन्या नळीचा तुकडा बरोबर न्यावा. विचारताना आणखी एक गोष्ट विचारावी. पॉलियुरेथेनचे एस्टर आणि ईथर असे दोन प्रकार असतात. एस्टर प्रकार ओलाव्याने काळाच्या ओघात कमकुवत होतो, ईथर प्रकार पाण्याला आणि दमटपणाला चांगला टिकतो. खानापूरसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा महिनोन्‌महिने कोरड्या होत नाहीत आणि नळीचे एक टोक तर कायमच पाण्यात असते, तिथे ईथर प्रकार मिळाला तर तोच घ्यावा. न मिळाला, तर साधी पीयू घेऊन दोन-तीन वर्षांनी बदलावी. त्यासाठी अडून बसू नये.

घरात पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची पांढरी नळी पडलेली असते, ती वापरावी का, असे अनेकजण विचारतात. ती पॉलिएथिलिनची असते. वायू अडवण्याच्या बाबतीत ती पुरेशी चांगली आहे, दाबही सहज झेलते. अडचण मापाची आहे. आरओची नळी पाव इंचाची, म्हणजे बाहेरून ६.३५ मिलिमीटरची असते. डोळ्यांना ती ६ मिलिमीटरच्या नळीसारखीच दिसते. ६ मिलिमीटरच्या पुश-फिटिंगमध्ये, म्हणजे नळी नुसती आत ढकलून बसवायच्या जोडात, ती जात नाही. याउलट, पाव इंचाच्या फिटिंगमध्ये ६ मिलिमीटरची पीयू नळी जाते, धरलीही जाते, पण आतल्या रबरी कड्यावर नीट बसत नाही आणि हळूहळू वायू सोडत राहते. दोन्हींपैकी एकच माप संपूर्ण मार्गात ठेवावे. आरओची नळी ताठ असल्यामुळे काचेच्या नाजूक डिफ्यूझरला जोडणेही जोखमीचे असते.

सलाईनची नळी घरीच कार्बन डायऑक्साइड तयार करणाऱ्या साखर-यीस्टच्या बाटलीला वापरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या व्यवस्थेत दाब फार नसतो, नळी पीव्हीसीची असते आणि ती सिलिकॉनपेक्षा कितीतरी चांगली आहे, म्हणून तिथे ती चालते. सायट्रिक आम्ल आणि खाण्याच्या सोड्यावर चालणाऱ्या बाटलीत मात्र दाब दोन बारच्या आसपास चढू शकतो. तिथे सलाईनची नळी जोडावरून निसटते, म्हणून ती तिथे वापरू नये. एअर पंपाला लागणारी पीव्हीसीची हिरवी किंवा पारदर्शक नळी नवी असताना वायू बऱ्यापैकी अडवते. परंतु तिला मऊ ठेवणारे द्रव्य काही काळाने निघून जाते, नळी पिवळट आणि कडक होते आणि नेमकी जोडापाशी चिरते. ती घ्यायचीच असेल, तर दरवर्षी टोके तपासण्याची तयारी ठेवावी. नायलॉनची नळी वायू अडवण्यात या सर्वांत श्रेष्ठ आहे, पण ती इतकी ताठ असते की कपाटात वळवताना त्रास होतो. पीयूने काम भागत असताना तिची गरज नाही.

दाबाच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवावा. नेहमीच्या कामात नळीत डिफ्यूझरने ठरवलेला दाब असतो. चकती शेवाळाने बुजली, की तो रेग्युलेटरवर लावलेल्या दाबापर्यंत चढतो. शिवाय साध्या एकपदरी रेग्युलेटरमध्ये सिलिंडर रिकामा होत आल्यावर बाहेरचा दाब आपोआप वर सरकतो. म्हणून नळी आणि जोड यांची क्षमता रोजच्या दाबाला नव्हे, तर या प्रसंगांना पुरणारी असावी. सिलिकॉनची नळी अशा वेळी फुगते आणि काचेच्या टोकावरून निसटते.

नळीच्या लांबीकडे आणि आतल्या व्यासाकडे लोक लक्ष देत नाहीत, पण टाकीच्या रोजच्या वागण्यावर त्यांचा परिणाम होतो. ४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत साडेबारा मिलिलिटर वायू मावतो. सकाळी सोलेनॉइड उघडल्यावर हा सगळा भाग दीड बारपर्यंत भरल्याशिवाय चकतीतून बुडबुडे निघत नाहीत. मिनिटाला ६ मिलिलिटर येत असतील, तर २ मीटरच्या नळीला साडेसहा मिनिटांच्या आसपास लागतात. नळीतला दाब पूर्ण ओसरलेला असेल, तेव्हाचा हा काळ आहे. संध्याकाळी सोलेनॉइड बंद झाल्यावरही जवळपास तेवढाच वेळ उरलेला वायू निघत राहतो. २ मीटरला हे सहज चालते. सिलिंडर अंगणातल्या पडवीत आणि टाकी माजघरात असे असेल आणि नळी ८-१० मीटर होत असेल, तर बाहेरून ४ आणि आतून २.५ मिलिमीटरची पीयू नळी घ्यावी. तिच्यात प्रति मीटर ५ मिलिलिटरहून कमी वायू मावतो. एवढ्या थोड्या प्रवाहाला अरुंद नळीचा काहीही अडथळा होत नाही.

आता जोडणीविषयी. पीयू नळी कात्रीने कापू नये. कात्रीने टोक चपटे होते आणि फिटिंगमधल्या कड्याला एका बाजूने टेकत नाही. धारदार पात्याने, नळीला काटकोनात, एका दाबात कापावी. चाकीचा जोड असेल, तर चाकी आधी नळीत ओवून मग नळी टोकावर पूर्ण बसवावी आणि चाकी हातानेच घट्ट करावी. नळी टोकावर चढत नसेल, तर तिचे टोक अर्धा मिनिट कडकडीत पाण्यात धरावे. ती मऊ होते, सहज चढते आणि गार झाल्यावर आवळून बसते. काचेच्या डिफ्यूझरवर मात्र ताठ नळी जोराने ढकलू नये. काचेची दांडी हातात तुटली तर जखम खोल होते. तिथे २-३ सेंटिमीटर सिलिकॉनचा तुकडा सांधा म्हणून वापरावा आणि आत पीयूचे टोक काचेच्या टोकाला भिडेपर्यंत सरकवावे. उघडे सिलिकॉन जवळजवळ राहत नाही, त्यामुळे गळतीही नगण्य राहते. दोन बारच्या वर दाब मागणारा, फिल्टरच्या पाण्याच्या नळीत बसणारा डिफ्यूझर असेल, तर हा सांधा टिकत नाही. तिथे नळी थेट चाकीच्या जोडातच घ्यावी.

चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाहू देणारी झडप, टाळू नये. वीज गेली की सोलेनॉइड बंद होतो, आणि पावसाळ्यात आपल्या भागात वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको. बंद मार्गातला दाब उतरत जातो. नळी सिलिकॉनची असेल, तर पुढे आणखी एक गोष्ट घडते. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड ज्या वेगाने बाहेर जातो, त्याच्या सुमारे एक-पंचमांश वेगाने ऑक्सिजन आणि एक-दशांश वेगाने नायट्रोजन आत येतो. आत पोकळी निर्माण होते आणि चकतीतून टाकीचे पाणी नळीत ओढले जाते. रात्रीत ते बबल काउंटरपर्यंत आणि तिथून पितळी सोलेनॉइडपर्यंत पोहोचू शकते. कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी आम्लधर्मी असते आणि पितळाला हळूहळू खाते. कोरडा वायू धातूला किंवा नळीला काही करत नाही. नळी पाण्याच्या पातळीहून उंच नेऊन खाली आणली, की पुरे, या समजुतीवर विसंबू नये, कारण पोकळीमुळे पाणी तो चढ चढू शकते. पीयू नळीने ही ओढ पुष्कळ कमी होते, तरीही धातूच्या अंगाचा एक चेक व्हॉल्व्ह डिफ्यूझरच्या अलीकडे आणि शक्य असेल तर दुसरा सोलेनॉइडच्या पुढे असावा. नळीचा पाण्याजवळचा भाग काळ्या रंगाचा घेतला, तर आत ओल आली तरी शेवाळ धरत नाही.

आणि नळी बदलताना माशांच्या जिवासाठी सर्वांत जरूर असलेली सूचना. आज आपल्या मित्रांचा नीडल व्हॉल्व्ह मिनिटाला सुमारे १६ मिलिलिटर वायू सोडतो आहे, त्यातला ६ मिलिलिटर टाकीत पोहोचतो आहे. नवी नळी बसवून व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर सगळाच्या सगळा वायू टाकीत जाईल, म्हणजे आजच्या अडीचपटीहून अधिक. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतील आणि घरी कोणी नसेल तर मरतील. म्हणून नळी बदलण्याआधी नीडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा. नवी नळी जोडून, जोडांना साबणाचे पाणी लावून झाल्यावर व्हॉल्व्ह नव्याने उघडावा आणि आजच्या बुडबुड्यांच्या एक-चतुर्थांश वेगापासून सुरुवात करावी. टाकीत ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारे छोटे भांडे) असावा आणि त्यात ४ अंश कार्बोनेट कठीणपणाचे मोजून तयार केलेले द्रावण भरलेले असावे, टाकीतले पाणी नव्हे. हिरवा रंग म्हणजे पाण्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे धोका. हा रंग एक-दोन तास मागे असतो, तेव्हा दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा व्हॉल्व्ह हलवू नये आणि पहिले चार-पाच दिवस, सुटीच्या दिवसापासून सुरू करून, वायू बंद होण्याच्या तासाभर आधी माशांकडे स्वतः पाहावे.